डिड नॉटच्या पुढे

विट्यात, पतसंस्थेच्या वरच्या खोलीत
माझा इंग्रजीचा वर्ग, सात ते आठ.
फळ्यावर मी ‘बट’ लिहिलं.
दोन्हीकडे भूतकाळ, म्हटलं,
अलीकडे झालेलं, पलीकडे न झालेलं.
करा एकेक वाक्य.

सुगलाबाई शिरतोडेंनी वही सरकवली:
‘ही सेंट मनी बट डिड नॉट केम.’
कोइमतूरला गलाईचं दुकान त्याचं,
गावात कुणाला ठाऊक नाही?
मी लाल पेनाने केम खोडलं, वर कम लिहिलं.
ताई, भूतकाळ सगळा डिडनं अंगावर घेतला,
मागच्या क्रियापदाला आता काळ नको.

त्या खोडलेल्या जागेकडे बघत राहिल्या.
‘आमच्यात आला न्हाई म्हटलं
की आला बी मागंच पडतं, न्हाईसकट.
हितं कम कोरंच ऱ्हातं?’
कोरंच.
‘कितीबी वर्सं झाली तरी?’
मी व्याकरणाचं पुस्तक उगीच चाळलं.
हो म्हटलं.

मग त्यांनी ते वाक्य
पुन्हा एकदा, सावकाश, नव्या पानावर उतरवलं.

खाली कुणीतरी शटर ओढलं.
आज मला ‘ऑलदो’ही घ्यायचं होतं,
पण घेतलं नाही.