उत्तरेचं दार

माझा धंदा खोट्या गिऱ्हाइकाचा.
कंपनी पैसे देते, मी दुकानात जातो,
नको असलेली वस्तू विकत घेतो
आणि गाडीत बसून गुण भरतो.
तीस सेकंदांत नमस्कार : हो की नाही.
हसू : हो की नाही.
नावाची पाटी सरळ होती का?
निघताना ‘पुन्हा या’ म्हणाले का?

फेब्रुवारीत हाप्सालूला गेलो.
खाडी गोठलेली, रस्त्यावर मीठ.
दुकानावर तोच नारिंगी फलक
जो ताल्लिनला आहे, नार्वाला आहे.
रंगाच्या काउंटरमागे एक बाई, साठीच्या पुढची.
पाटीवर नाव : हिल्या.
आमच्या भाषेत हिल्या म्हणजे ‘उशिरा’.
मी मनातल्या मनात हसलो, घड्याळ सुरू केलं.

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
समोर वाम्बोला नावाचा म्हातारा होता,
नाव कळलं, कारण ती त्याच्यावर खेकसत होती.
त्यानं रुमालात गुंडाळून आणला होता
होडीचा ढलपा, नखाएवढा.
यंत्रानं ढलपा वाचला, आकडा दिला.
तिनं आकड्याकडे असं पाहिलं
जसं शेजारणीच्या पोराच्या थापेकडे बघावं.
“हा उन्हानं मेलेला रंग. खालचा कुठाय?”
आणि नखानं खरवडत गेली,
एक थर, दुसरा,
तिसऱ्याखाली हिरवा निघाला.
“हाच,” म्हातारा म्हणाला, आणि पुढे काही बोलेना.
तिनंही विचारलं नाही.
डब्यात थेंब, काडीनं ढवळणं,
मनगटावर पट्टा ओढून खिडकीशी जाणं,
उजेडात बघून मान हलवणं, परत थेंब.
कोपरापर्यंत हिरवी होत गेली बाई.
माझ्यामागे रांग. कुणीतरी मुद्दाम खाकरलं.
“घाई असेल तर पांढरा घ्या,” ती म्हणाली,
“पांढरा तयार असतो.”

एकोणीस मिनिटं.

मग मी. मला काहीच नको होतं.
“निळा,” म्हणालो, “दाराला.”
“दार कुठल्या दिशेला?”
असा रकाना माझ्याकडे नव्हता.
थाप मारली : उत्तरेला.
तिनं निळ्यात पिवडीचा थेंब सोडला, मला न विचारता.
“उत्तरेला निळा एकटा ठेवला
तर डिसेंबरात काळा पडतो. सोबत लागते.”
झाकण ठोकलं. “पुढचा.”

गाडीत बसलो. श्वासानं काच धुरकटली.
नमस्कार : नाही. हसू : नाही.
पाटी : वाकडी, वर हिरवा डाग.
पुन्हा या : नाही.
माझं काम चोख असतं, त्याचाच मला पगार.
शंभरात एकतीस.
शेवटी ‘इतर शेरा’ म्हणून एक ओळ मोकळी.
तिथं लिहिलं : रांग लांब होती.

जूनमध्ये पुन्हा पाठवलं, फेरतपासणीला.
तीच खिडकी, बाहेर आता पाणी.
अकराव्या सेकंदाला ती म्हणाली, “नमस्कार, आपलं स्वागत आहे.”
हसली, तोंडदेखलं, पण दात दिसले.
पाटी सरळ. हात कोपरापर्यंत स्वच्छ.
मी म्हणालो, दाराला निळा.
तिनं यंत्राचं बटण दाबलं.
दिशा विचारली नाही.
शंभरात अठ्ठ्याण्णव.
दोन गुण कापले, कारण ती
दोनदा घड्याळाकडे बघत होती.

माझ्या फ्लॅटचं दार जिन्यात उघडतं,
त्याला दिशाच नाही.
दोन डबे बाल्कनीत पडून होते.
ऑगस्टमध्ये बहिणीकडे गेलो,
तिच्या परसातल्या सौनाचं दार उत्तरेला.
फेब्रुवारीचा डबा उघडला,
दोन हात दिले, हातचं न राखता.

डिसेंबरात बहिणीचा फोन.
दुपारचे साडेतीन, अंधार पडलेला जवळजवळ.
म्हणाली, कुंपण गेलं, झाडं गेली,
तुझं दार अजून दिसतंय.
कुठून आणलास हा रंग?
मी फलकावरचं नाव घ्यायला गेलो
आणि तोंडातून निघालं, “हिल्या.”
“उशिरा?” ती म्हणाली. “काय उशिरा?”