सम-विषम

कोर्टाच्या अमीनाने फार विचार केला नव्हता.
बारा महिन्यांची बारा चित्रं:
विषम लष्करला, सम मुरारला.
सही, शिक्का, दोन लाकडी पेट्या.

तेव्हापासून आमच्या संग्रहालयात
चैत्र संपला की एकदम ज्येष्ठ.
वैशाख कुठेतरी पुलापलीकडे,
दुसऱ्या कुलपात.

मी बत्तीस वर्षं आमची नोंदवही लिहिली.
तिकडची लिहायच्या कोणी कु. मृणाल शितोळे.
पत्र यायचं: ‘महोदय, आपल्या श्रावणास कसर लागली आहे काय?’
मी कळवायचो: ‘नाही. आपला पौष कसा आहे?’
एवढंच.
जावकात नंबर पडायचा.

आता एकच पाटी, एकच तिकीट,
आणि हॉल एवढा की आपला खोकला
आपल्यालाच परत येतो.
रामसेवक शिडीवर. खिळे मोजून बारा.
दिव्यांचं पान हातात घेऊन म्हणाला,
‘दिवाली तो कातिक में ही होती है, साहब.’
मी म्हटलं, आमची आश्विनात.
तो हसला. दिवे त्याच्या बाजूने होते.

ओळीत लागली तेव्हा दिसलं,
आमची पानं पिवळी पडलीत,
तिकडची ओल धरून निळसर.
एकाच हाताने काढलेली नदी
ज्येष्ठाच्या कडेपर्यंत येते
आणि आषाढात शिरते ती
कुणा दुसऱ्याच गावची होऊन.
उद्या पाहुण्यांना सांगू,
दिव्यांची सोय अजून व्हायची आहे.

ज्येष्ठातली ती बाई,
खांबाला टेकून उजवीकडे बघणारी.
नोंदवहीत माझ्याच अक्षरात: ‘विरहिणी. दृष्टी शून्यात.’
मी शाळेच्या सहलींना तसंच सांगत आलो,
आवाज थोडा खाली आणून.

रामसेवकने आषाढ सरळ केला.
डाव्या कोपऱ्यात, दुधाच्या भांड्याशी,
बोका.

शितोळेबाई काठी टेकत जवळ आल्या.
पत्रांतून मला त्या उंच वाटायच्या.
चष्मा कपाळावर सारून
दोन्ही पानं नाकाशी लावल्यासारखी पाहिली.
‘हा आमच्याकडेच होता,’ म्हणाल्या.
‘मी लिहिलंय, मार्जार, कारणाशिवाय पळणारे.’

मग आम्ही दोघं जरा जास्तच हसलो,
रखवालदार डोकावून गेला.

टेबलावर माझी वही, त्यांची वही,
आणि सरकारने पाठवलेली तिसरी, कोरी,
पुठ्ठ्याला अजून सरसाचा वास.
पहिली नोंद कोणत्या महिन्याची,
आणि कोणाच्या अक्षरात,
यावर चहा दोनदा गार झाला.