द्वितीय पुरुष

दाल्काउएच्या बाजारात बटाटेवाली मला विचारते,
"यांना कोणते हवेत?"
'यांना' म्हणजे माझी एर्सीरा मावशी,
तिच्यापासून हातभर अंतरावर
मांडीवर पिशवी उघडून बसलेली.

मला बटाट्यातलं काही कळत नाही.
मी खुर्ची ढकलतो, तीही फक्त चढाला.
मावशीनं चाळीस वर्षं या बेटावर
जांभळे, काळपट, बोटांसारखे वाकडे बटाटे लावलेत;
डोळा बघून सांगते
कोणता रुजेल, कोणता कुजेल.

पूर्वी मी उत्तर द्यायचो.
पटकन, विनयानं, चुकीचं.
घरी येऊन ती ते बटाटे सोलायची
आणि बोलायची नाही.

आता कुणी विचारलं की मी समुद्राकडे बघतो.
ओहोटी. चिखलात कलंडलेल्या होड्या.
बटाटेवालीची मान खाली वळते,
गंजलेल्या बिजागरीसारखी,
आणि मावशी म्हणते,
"दोन किलो. हे नाहीत, मागच्या टोपलीतले.
आणि तराजू आधी शून्यावर आणा."

शाळेत व्याकरण घोकताना वाटलं नव्हतं
की प्रथम, द्वितीय, तृतीय
या माणसांना बसवायच्या जागा असतात.
समोरच्या बाईची आपण 'ती' करून टाकतो,
आवाज मऊ करून.

गेल्या हिवाळ्यात एका सद्‌गृहस्थानं
न विचारता तिला रस्ता ओलांडून दिला,
पुण्य पदरात पाडून निघून गेला.
मावशी पलीकडे, पावसात.
औषधांचं दुकान अलीकडे.

संध्याकाळी फेरीबोटीचा उतार शेवाळलेला.
खलाशी बाउदिलिओ पँटला हात पुसतो,
पण खुर्चीला लावत नाही.
उकिडवा बसतो, नजरेला नजर येईल इतका.
"डोन्या एर्सीरा, तोंड पाण्याकडे की किनाऱ्याकडे?"

मावशी विचार करते.
मागे गाड्यांची रांग. एक हॉर्न.
बाउदिलिओ उठत नाही.
दुसरा हॉर्न.
"पाण्याकडे," ती म्हणते. मग,
"नाही, थांबा. किनाऱ्याकडे.
छत्री बाजारात राहिलीय बहुतेक, दिसते का बघते."

छत्री माझ्या काखेत होती.
पण मला
कुणी विचारलं नव्हतं.