आतला खिसा

मी कापणीच्या टेबलाखाली होतो.
लोहचुंबकाला दोरा बांधून टाचण्या गोळा करायचो,
शंभरामागे एक पैसा, बाबांचा दर.
म्हणून चेहरा विचाराल तर सांगता येत नाही.
बूट सांगतो :
तपकिरी, टाचा बाहेरून झिजलेल्या,
एकाला नाडी, दुसऱ्याला सुतळी.

वरून आवाज आला,
"आतून एक खिसा हवा. डावीकडे. खोल."
"किती खोल?"
जरा वेळ कुणीच बोललं नाही.
मग मापाच्या वहीत लिहिताना बाबा
नेहमीसारखे मोठ्यानं म्हणाले :
साडेसात.

फणसवाडीच्या तोंडाशी दुकान,
पतंगे टेलर्स, पाटीवरचा 'र्स' पुसलेला.
गफूरचाचा दाराशी, उजेडात, काजं करत बसायचे.
पंधरा-वीस दिवसांनी
(मोजले नाहीत, मोजायला हवे होते)
समोर मोघ्यांनी रेडिओ खिडकीत आणून ठेवला
आणि रस्ता भरून माणसं मान वर करून उभी राहिली.

गोळ्या घातल्या, एवढंच आधी आलं.
कुणी, ते आलं नाही.
बाबांनी अर्ध्या फळ्या लावल्या,
चाचांना आत, ठाणांच्या मागे बसवलं.
त्यांच्या बोटांत सुई तशीच, ओवलेली.
मारणारा आमच्यातला नसू दे, नसू दे,
ते पुटपुटत होते.
वर मोघ्यांच्या माडीवरही
कुणी तेच पुटपुटत असणार,
हे मला फार उशिरा सुचलं.

नाव आलं.
चाचांनी श्वास सोडला,
आणि सोडला याची लाज वाटून
टोपी डोळ्यांवर ओढली.
मोघ्यांचा रेडिओ आत गेला. खिडक्या लागल्या, एकेक.
बाबा मशीनवर बसले, चाक थांबलेलं,
आणि स्वतःच्याच छातीवर, डावीकडे,
वितीनं काहीतरी मोजत राहिले.

वहीत आज सेहेचाळीसनंतर एकोणपन्नास येतं.
आई म्हणायची, उंदरांनी.
उंदीर इतकं सरळ कुरतडत नाहीत, आई.

मी पुढे सगळे पेपर जमवले.
एकात त्याच्या अंगात कोट, एकात नुसता सदरा,
तिसऱ्याचा बातमीदार गर्दीत मागे होता,
त्याला काही दिसलंच नाही, तरी दोन कॉलम लिहिलेत.
एका निवृत्त फौजदाराला विचारलं,
तसलं हत्यार केवढं असतं हो?
त्यानं दोन्ही हातांनी हवेत दाखवलं.
मी घरी येऊन ती हवा मोजली.
मावतं.

पण चष्म्याचं घरही मावतं.
तपकिरीची डबी मावते, गावाकडची पत्रं मावतात.
आणि गिरगावात खिसेकापू का कमी होते तेव्हा?
पहिला पगार घेऊन गावी जायचं असेल बिचाऱ्याला,
असं मी एकदा बाबांना म्हटलं.
ते म्हणाले, "असेल."
त्यांनी नंतर कुणाच्याच कोटाला
आतून खिसा लावला नाही.
गिऱ्हाइकं ठाकूरद्वारला जायला लागली.

त्याला आठ आणे परत द्यायचे राहिले होते.
गल्ल्यात वेगळी पुडी होती, वर काही न लिहिलेली.
बाबा गेले. चाचा त्यांच्या आधी.
दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.
अधेली माझ्याकडे आहे.
नात विचारते, हे चालतं का कुठे?

खटला झाला, निकाल लागला, जाडजूड ग्रंथ निघाले.
कुणी शिवलं, हे त्यात कशाला असेल?
तरी मी फोटो बघतो, भिंग लावून,
पेपरातले, पुस्तकातले, कात्रणातले.
सगळे कमरेपर्यंतच आहेत.