गोल्ड रशला मराठी शब्द

रात्री पावणेबारा. पान एक.
"वर्धा रोडच्या प्लॉटांची बातमी,
मथळ्यात 'गोल्ड रश' आहे,
मालकांना मराठी हवंय,"
एवढं बोलून ठवरे साहेब घरी गेले.

मी लिहिलं, सुवर्णधाव. खोडलं.
सोन्याची झुंबड. ही तर धनत्रयोदशीची जाहिरात.
कोशात पाहिलं : कुठे खाण सापडली की
घरदार टाकून लोकांनी तिकडे धावणे.
धावणाऱ्यांचं पुढे काय झालं
ते कोशात नसतं.
दीडला पान सोडलं. अवतरणचिन्हांत
'गोल्ड रश' तसाच,
खाली ले-आउटचा फोटो : चुन्याच्या रेघा,
एक बाभूळ, आणि कमानीचं गेट,
ज्याला कुठेच भिंत नव्हती.

पहाटे इतवारीतून परतताना
सराफा ओळ शटरं ओढून झोपलेली
आणि रेवंता सोनझारे उकिडवी,
नालीच्या काठाकाठाने कुंचा फिरवत
कानशीच्या घासाची, भट्टीच्या राखेची,
कारागिरांच्या पायांची धूळ
गोळा करत होती.
सासरा तिचा वैनगंगेची रेती धुवायचा.
पुढे रेतीचेच लिलाव सुरू झाले.

मी विचारलं, मावशी,
दुकानं उघडायच्या आत उरकायची घाई असेल ना?

"घाई कायची बाप्पा?"
तिने काठवट पाण्यात धरली, गोल हलवली.
"हे पाय. पयते ते रेती.
सोनं कुठी पयते? जड रायते ते,
बुडाशी बसते."

काठवटीत मला तरी काळा चिखलच दिसला.
तिला काहीतरी दिसलं असावं,
कारण तिने श्वास आवरला
आणि बोटाने ते काहीतरी
डबीत, पाऱ्याकडे नेलं.

"मोठा पोरगा नाई येत आता.
तिकडं वर्धा रोडले प्लॉट दाखवते,
गाडीवाल्या लोकायले.
आज पेपरात येनार म्हने त्याहिचं."

येणार होतं. माझ्या पिशवीत
पहिली प्रत होती, शाई अजून ओली.
ती मी काढली नाही.

निघालो तशी म्हणाली, "थांबा साहेब.
चपला झटका इथीच."
मी एका पायावर उभा राहून
आधी डावी झटकली, मग उजवी.
वर न बघता तिने ती धूळ
आपल्या ढिगात ओढून घेतली.