लालचा आकडा

मांढळच्या पुढे, पवनीच्या रस्त्याला,
टिनाच्या शेडमध्ये कॅमेरा बसवला
तर पहिल्याच दिवशी त्याला सगळंच लाल दिसलं.
चांगली मिरची लाल. फटकी लाल.
पट्ट्याची कडसुद्धा लाल.
दोनशे पंचावन्न, दोनशे पंचावन्न,
याच्यावर आकड्याला जागाच नाही,
भरल्या गुंडावर पाणी ओतत राहावं
तसा फरक काठावरून सांडून जात होता.

निनावे शेठ खूश.
"पाय, कसा रंग धरला!"
व्यापारी बोलावले, पडदा दाखवला, चहा पाजला.
मागे हवेची फुंकर
चांगली मिरची उडवत होती
टाकाऊच्या पोत्यात.

मी उमरेडच्या आयटीआयचा.
मला एवढंच ठाऊक की गेन म्हणजे गुणाकार.
उजेड वाढत नाही त्यानं.
आला तेवढाच उजेड, त्याला दीडनं गुणा, दोननं गुणा,
धूळ असली तर धूळही दुप्पट.

कंपनीतून लाल एक पूर्णांक नऊवर आलेला.
खाली आणला.
दीड.
सव्वा.
एक पूर्णांक एकवर मिरच्यांना कडा आल्या,
सुरकुत्या आल्या, देठाच्या खळग्यात सावली आली.
मग हिरवा वाढवला.
हिरव्यात चांगली मिरची जवळजवळ काळी,
आणि फटकी अशी,
शेणानं सारवलेल्या भिंतीला
चुन्याचं बोट लागावं.
निळ्यात काही नव्हतं,
रात्री बल्बभोवती किडे असतात तशी नुसती किरकिर.
निळ्याला हात लावला नाही.

पडदा शेवाळल्यासारखा झाला.
शेठ म्हणाले, "हे काय केलं बे?
मिरची हाये का कारलं?"

पंचफुलाबाई तेव्हा पाणी प्यायला आल्या होत्या.
सातऱ्यावर बत्तीस वर्षं.
बोटांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळलेले,
नाकावरचा पदर न काढता
पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या.
"अशीच दिसते," म्हणाल्या.
"दुपारपर्यंत लाल दिसते गा.
मंग लाल दिसनं बंद होते.
मंग नुसती मिरची दिसते."

मी कागदावर तीन आकडे लिहिले होते.
त्यांच्याकडे बघून पेन खाली ठेवला.

शंभर मिरच्या त्यांनी निवडून दिल्या, दोन टोपल्यांत,
बोलत बोलत, सुनेच्या बाळंतपणाचं सांगत.
मशीनचं त्र्याण्णववर जमलं.
उरलेल्या सात पडद्यावर निर्दोष होत्या,
कोणत्याही रंगात.
त्यांनी एकेक मोडून दाखवली :
आत काळी बुरशी.
"कशी ओळखली?"
"वाजत नाही ना थे."

शेठनी त्र्याण्णव ऐकलं आणि हिशेब केला.
निवडायला पंचवीस बाया होत्या, पाच राहिल्या.
देठ तोडायचं मशीन अजून आलं नाही,
म्हणून बाकीच्या देठावर.
पंचफुलाबाई पाचांत.
हे मी त्यांना सांगायला गेलो
तर म्हणाल्या, "अन् ठसक्याचा आकडा कोनता?
थो कमी कर ना."

तीन आठवड्यांनी परत फोन.
लाल पुन्हा चढलाय, फटकी सुटून जाते.
मी गेलो, लॅपटॉप उघडला,
एक पूर्णांक एकवरून एक, तरी लाल,
शून्य पूर्णांक नऊ, तरी चित्रावर तांबूस साय.
दिवे तपासले. वायर हलवली.
स्वतःच्या आकड्यांवर शंका घेत बसलो अर्धा तास,
डोळ्यांतून पाणी.

पंचफुलाबाई पट्ट्याजवळच्या स्टुलावर चढल्या.
पदराचं टोक ओलं केलं,
कॅमेऱ्याचं तोंड पुसलं,
लहान पोराचं पुसतात तसं, हनुवटी धरून.
पदराला लाल डाग.

"आधी काच पूस गा," म्हणाल्या,
"मंग गणित कर."