शनिवार, अंबड

पिनबॉलच्या जत्रेला यंदा सहा मशिनं.
एक गांगुर्डेंनी भंगारातून वजनावर उचललं,
एकाचे फ्लिपर तांबोळीच्या लेथवर घडले,
आणि हरवलेल्या गोटीच्या जागी
सातपूरच्या बेअरिंगचा छर्रा
चोख बसला.

रंगीत दिवे दिसावेत म्हणून शटर ओढलेलं.
शनिवारी एमआयडीसीत लाइट जाते
हे चौदा जणांत एकालाही आठवलं नाही.

गेली तेव्हा मंजिरी खेळत होती.
आकडे विझले, घंट्या मुक्या,
बटणं नुसतीच टकटकली.
छर्रा मात्र वरच होता अजून.

कुणी मोबाइलचा उजेड केला नाही.
उतरताना ऐकला सगळ्यांनी,
रबराला टेकत, खिळ्याला घासत,
काचेखालून सावकाश.

"धरा रे हे पण मार्कात,"
चव्हाणके म्हणाले अंधारातून.